शेवटच्या बाकावरून

मंडळी, आज थोडं तांत्रिक लिहिणार आहे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं मॉनिटर, रेझोल्यूशन आणि स्केल यावर बोलावं हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. या प्रकरणानं माझे आठ महिने खाल्ले आहेत, त्यामुळे थोडा अधिकार मिळाला आहे असं समजतो. शिवाय आमच्या गोतावळ्यातल्या निदान दोन-तीन घरांत एखादे काका, एखाद्या सासूबाई आत्ता तेच भोगत असतील आणि कुणाला सांगत नसतील, अशी मला शंका आहे.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला आणि घरातलं वडीलधारं माणूस "अक्षर बारीक दिसतंय रे" म्हणालं, तर रेझोल्यूशन कमी करू नका. स्केल वाढवा. अक्षर दोन्हींनी मोठं होतं, पण पहिल्या उपायानं ते फुटतं. आणि अक्षर फुटलं की म्हातारा माणूस मॉनिटरला दोष देत नाही, स्वतःच्या डोळ्यांना देतो.

आता सविस्तर.

आमची आई जात्यावर ज्या ओव्या म्हणायची त्या अक्कानं आठवून आठवून तीन दोनशेपानी वह्यांत लिहून ठेवल्या आहेत. अक्का आता 84 वर्षांची आहे. त्या वह्या टाइप करून त्याचं एक छोटं पुस्तक करायचं, आणि भावंडांच्या प्रत्येक घरी एकेक प्रत द्यायची, असं ठरलं. काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज असतो.

लॅपटॉपवर मान खाली घालून टाइप करताना पंधरा दिवसांत मान धरली. 2024 च्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो 24 इंची मॉनिटर घेऊनच. टेबलावर मांडला, एचडीएमआयची केबल जोडली आणि म्हणाला, "काका, आता ऐसपैस बसा." बसलो. पडदा मोठा झाला होता, पण अक्षर मात्र लॅपटॉपपेक्षा बारीक वाटत होतं. तसं म्हणालो. त्यानं दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि अक्षर एकदम टपोरं झालं. "आता दिसतंय का काका?" "झकास दिसतंय." संध्याकाळी तो पुण्याला परतला. पोरानं एवढा खर्च करून वस्तू आणली, लावून दिली, याचं मला फार कौतुक वाटत होतं. अजूनही वाटतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तोही हे वाचणार आहे.

पहिली वही निम्मी झाली तेव्हा काही पानं छापून अक्काकडे पाठवली. तिची नात तिला वाचून दाखवते. दोन दिवसांनी अक्काचा फोन. "अरे, घन काय लिहिलंस? धन आहे ते. आणि भरणीचं मरणी केलंस की रे!"

मी चौतीस वर्षं मुलांचे अनुस्वार राहिले म्हणून अर्धा-अर्धा गुण कापला. घ-ध, भ-म, थ-य, ष-प या जोड्यांवर तास घेतले. आणि आता माझ्याच पानात त्याच चुका. पुन्हा तपासायला बसलो तर लक्षात आलं की तपासतानाही मला त्या दिसत नव्हत्या. घ आणि ध यांत फरक काय, तर एकाची शिरोरेषा सलग असते आणि दुसऱ्याची तुटक, वर गाठ मारलेली. ती गाठच मला दिसेना. सगळ्या अक्षरांना कसली तरी करडी साय धरल्यासारखी वाटायची.

इथे एक घरगुती गोष्ट सांगावी लागते. आमच्या वडिलांना काचबिंदू होता. शेवटची काही वर्षं त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांची सुरुवातीची तक्रार मला नीट आठवते: अक्षर पुसट येतंय. काचबिंदू घराण्यात असला तर पुढच्यांनी डोळ्यांचा दाब वेळोवेळी तपासून घ्यावा, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही गेलो नाही. जे ऐकायचं नाही ते विचारायला जायचं नाही, असा माणसाचा स्वभाव असतो. त्याऐवजी चष्म्याच्या दुकानात गेलो आणि कॉम्प्युटरसाठी म्हणून वेगळा चष्मा करून आणला. फरक शून्य. सौ. ला सांगितलं की नव्या चष्म्यानं छान दिसतंय.

मग वह्या बाजूला ठेवल्या. अक्काला आधी थंडीचं कारण सांगितलं, मग लग्नसराईचं, मग उन्हाळ्याचं. एकदा ती हसत हसत म्हणाली, "तुझं होईपर्यंत मी राहते का बघ." ती हसली. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

शेवटी 2025 च्या जूनमध्ये सौ. नंच पकडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला कसं कळलं कोण जाणे. (तिचं म्हणणं, मी टीव्हीवरच्या बातमीच्या पट्ट्या पूर्वीसारख्या मोठ्यानं वाचेनासा झालो होतो.) दाब तपासला, बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहिला, नस पाहिली. सगळं वयाच्या मानानं ठीक. मोतीबिंदू अगदी प्राथमिक. डॉक्टरांनी विचारलं, "सर, पेपर वाचता येतो?" येतो. "मोबाइल?" येतो. "एस.टी. ची पाटी?" तीही येते. "मग डोळा एकाच वस्तूपुरता कसा बिघडेल? तो कॉम्प्युटर दाखवा कुणाला तरी."

मंडळी, मला इतकी लाज वाटली! एखाद्या मुलाला वही वाचता येते, खिडकीबाहेरच्या झाडावरचा पक्षी दिसतो, पण फळाच तेवढा दिसत नाही, तर शिक्षकानं आधी काय बघायचं? फळ्यावर उजेड चमकतो आहे का ते. ही साधी गोष्ट मी आठ महिने स्वतःला विचारली नाही.

घरी आलो आणि भिंग काढलं. एकच ओळ आधी लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवून पाहिली, मग सरकवत मॉनिटरवर नेऊन पाहिली. लॅपटॉपवर अक्षराच्या कडा स्वच्छ. मॉनिटरवर प्रत्येक काळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना करडा धूर. पुतण्याला फोन लावला. त्यानं मला टप्प्याटप्प्यानं सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं नेलं, दोन नंबरचा चौकोन निवडायला लावला आणि विचारलं, "रेझोल्यूशन किती दाखवतंय?" मी वाचलं, 1280 गुणिले 720. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "काका, ते मीच केलं होतं. तुम्हाला मोठं दिसावं म्हणून."

आता यात नेमकं काय घडतं ते माझ्या भाषेत सांगतो. जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

हल्लीचा सपाट मॉनिटर म्हणजे ठिपक्यांची जाळी. माझ्या मॉनिटरवर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके आहेत. पिक्सेल म्हणतात ते हेच. ही जाळी कारखान्यात घडते आणि नंतर कधीही बदलत नाही. आपण सेटिंगमध्ये 1280 केलं म्हणून ठिपके मोठे होत नाहीत. फक्त 1280 ठिपक्यांचं चित्र 1920 ठिपक्यांवर ताणून बसवायचं काम यंत्राला पडतं. म्हणजे चित्राच्या एका ठिपक्याला पडद्यावरचे दीड ठिपके. आता दीड ठिपका कुठून आणायचा? अर्धा ठिपका पेटवता येत नाही. मग यंत्र तडजोड करतं: एक ठिपका काळा, शेजारचा करडा. तोच माझा धूर, तीच साय. दीडशहाणपणा शब्दशः!

शिक्षकांना पटकन पटेल असं उदाहरण द्यायचं तर हे झेरॉक्सवर मोठं केल्यासारखं आहे. ए-फोरची प्रश्नपत्रिका ए-थ्रीवर मोठी करून आणली की अक्षरं मोठी होतात, पण मूळच्या रेघेचा फराटा होतो. याउलट स्केल 150 टक्के करणं म्हणजे तीच प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून काढणं. संगणकातल्या फाँटमध्ये अक्षर ठिपक्यांच्या रूपात साठवलेलं नसतं, त्याच्या बाह्यरेषेच्या वळणांच्या रूपात असतं. स्केल वाढवलं की यंत्र तीच वळणं नव्यानं, जास्त ठिपके वापरून काढतं. जे अक्षर 16 ठिपक्यांच्या उंचीत कोंबायचं ते आता 24 खऱ्या ठिपक्यांत मावतं. ध च्या गाठीला जागा मिळते.

आणि गंमत अशी की पडद्यावर मावणारा मजकूर दोन्हींत सारखाच. 1920 ला दीडनं भागलं की 1280 च येतात. म्हणजे "स्केल वाढवलं की जागा कमी होते, सारखं खाली-वर सरकवावं लागतं" ही जी तरुण मंडळींची तक्रार असते, ती रेझोल्यूशन कमी करण्यालाही तंतोतंत लागू आहे. जागा तेवढीच जाते, वर अक्षरही जातं.

मग रेझोल्यूशन कमी करायची ही खोड पोरांना लागली कुठून? इथे मला माझाच कान धरायला हवा. 2002 च्या सुमारास आमच्या शाळेत संगणक कक्ष झाला. एमएस-सीआयटी केलेला मी एकटाच, म्हणून किल्ली माझ्याकडे. सगळे मॉनिटर जुने, काचेच्या नळीचे, मागं भलं मोठं कुबड असलेले. आमच्या पी.टी.च्या सरांना अक्षर दिसेना, तेव्हा मी वर्गासमोर 1024 गुणिले 768 चं 800 गुणिले 600 करून दाखवलं. अक्षर मोठं झालं आणि चांगलंही दिसलं. नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळी ओढत जातो. आताच्यासारखी एका ठिपक्याला एक अशी घट्ट बांधलेली जाळी तिथे नसते, त्यामुळे रेझोल्यूशन कमी केलं तरी फारसं बिघडत नाही. तेव्हाचा उपाय तेव्हा बरोबर होता. आणि तो पाहणाऱ्या आठवीच्या वर्गात कोण बसलं होतं? आमचा हाच पुतण्या. मॉनिटर बदलले, सपाट झाले, उपाय मात्र सरांनी सांगितला म्हणून तसाच राहिला. बावीस वर्षांनी तो माझ्याच टेबलावर परत आला.

एक कोडं तरीही उरलं होतं. पहिल्या दिवशी मोठ्या मॉनिटरवर अक्षर बारीक का वाटलं? तेही मोजून काढलं. माझा लॅपटॉप 15.6 इंची, त्याच्या पडद्याची रुंदी साधारण 34.5 सेंमी. मॉनिटरची 53 सेंमी. आडवे ठिपके दोन्हीकडे 1920 च. म्हणजे लॅपटॉपवर इंचाला सुमारे 141 ठिपके, मॉनिटरवर 92. विंडोजच्या दृष्टीनं 100 टक्के म्हणजे इंचाला 96 ठिपके धरून केलेला हिशेब. (छपाईचा पॉइंट हा इंचाचा 72 वा भाग. 1984 सालच्या मॅकिंटॉशनं पडद्यावरही इंचाला 72 च धरले होते. विंडोजनं 96 धरले, कारण पडदा कागदापेक्षा लांबून पाहिला जातो.) लॅपटॉपचे ठिपके दाट, म्हणून तिथे यंत्रानं स्वतःहून 125 टक्के ठेवलं होतं. मॉनिटरचे विरळ, म्हणून तिथे 100 टक्के. या हिशेबानं लॅपटॉपवर जे अक्षर 3.6 मिलिमीटरचं, तेच मॉनिटरवर 4.4 मिलिमीटरचं. म्हणजे मॉनिटरवरचं अक्षर खरं तर मोठं होतं!

मग बारीक का दिसत होतं? कारण लॅपटॉप माझ्या डोळ्यांपासून 48 सेंमीवर असतो आणि मॉनिटर टेबलाच्या मागच्या कडेला, 75 सेंमीवर. पट्टीनं मोजलंय. अक्षर सव्वापटीच्या आतबाहेर वाढलं, पण अंतर दीडपटीहून जास्त वाढलं. यंत्राला इंच कळतात, ठिपके कळतात. माणूस किती लांब बसला आहे आणि त्याचं वय काय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात एक गोष्ट शिकवली होती. फळ्यावर लिहून झालं की खडू खाली ठेवायचा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. तिथून वाचता आलं तरच अक्षराचा आकार बरोबर. फळ्याजवळ उभं राहून अक्षराचा आकार ठरवणारा शिक्षक कच्चा. पुतण्यानं माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून, मॉनिटरवर वाकून सेटिंग केलं. तो फळ्याजवळ होता. शेवटच्या बाकावर मी होतो.

म्हणून माझं एक मत ठाम झालं आहे. त्या डिस्प्लेच्या पानावर 'रेकमेंडेड' हा शब्द दोन ठिकाणी येतो, रेझोल्यूशनपुढे आणि स्केलपुढेही. दोघांची किंमत सारखी नाही. रेझोल्यूशनपुढचा रेकमेंडेड हा हुकूम समजा. तो जाळीचा खरा आकडा असतो, त्याला हात लावू नका. स्केलपुढचा रेकमेंडेड हा शेजाऱ्याचा सल्ला समजा. ऐकावा आणि आपल्या डोळ्याला पटेल ते करावं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. स्केलचा आकडा देवाच्या मूर्तीसारखा जागचा हलवत नाहीत आणि रेझोल्यूशन मात्र बिनधास्त फिरवतात.

मराठी वाचणाऱ्यांनी तर हा सल्ला आणखी दोन बोटं लांबूनच ऐकावा. आपलं अक्षर तीन मजली. मधे मूळ अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि पाय मोडण्याची खूण. हे सगळं ओळीच्या त्याच उंचीत बसवायचं, म्हणजे मधल्या मजल्याच्या वाट्याला ठिपके थोडे. विंडोजवरचा मंगल हा फाँट र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं रेखाटला, पण कितीही मोठ्या हातानं रेखाटलेलं असलं तरी ठिपकेच हाताशी नसले तर वळण कुठून दिसणार? आपल्याकडे 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्य वेगळे आणि आचारी वेगळा, पण विभक्ती लागली की आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत फरक उरतो तो फक्त त्या र च्या आकाराचा. तो जर धुरात गेला तर प्रवचनाच्या बोलावण्यावरून पंगतीत जायची वेळ यायची. (ह. घ्या.) स्केलचा आकडा काढताना यंत्र समोर इंग्रजी आहे की मराठी हे विचारात घेत नाही. ते आपणच घ्यायचं.

माझ्या मापानं अंतराचा हिशेब केला तर मॉनिटरवर 125 टक्के पुरले असते. वय धरून मी 150 ठेवले. लॅपटॉपवर 125 तसेच. विंडोज 8.1 पासून, म्हणजे 2013 पासून, प्रत्येक पडद्याला वेगळा स्केल देता येतो. त्याआधी सगळ्यांना एकच होता, आणि जुन्या लोकांच्या मनात अजून तेच बसलंय.

स्केल वाढवला की सगळे प्रश्न सुटतात असं मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्याकडे एक फार जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम आहे. काही ओव्या आधी त्यात टाइप केल्या होत्या. तो या वाढीव स्केलच्या आधीच्या जमान्यातला, त्याला हे माहीतच नाही. मग विंडोज त्याची खिडकी तयार चित्रासारखी ताणतं आणि पुन्हा तोच धूर. त्याच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज असं आत गेलं की तिथे तीन पर्याय मिळतात. 'ॲप्लिकेशन' निवडलं तर अक्षर स्वच्छ पण बारीक, 'सिस्टीम' निवडलं तर मोठं पण धुरकट, आणि 'सिस्टीम एन्हान्स्ड' काही प्रोग्रॅमना मानवतं, काहींना नाही. माझ्याला मानवलं नाही. तो मजकूर शेवटी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केला. आणखी एक: आधी मॉनिटर जोडा, मग प्रोग्रॅम उघडा. बरेच प्रोग्रॅम उघडताना ज्या पडद्याचं माप मिळालं तेच धरून बसतात. मधेच केबल जोडली आणि काही धुरकट दिसलं तर प्रोग्रॅम बंद करून उघडा. तरी नाही गेलं तर साइन आउट करून परत या.

दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायची सोय असते, डुप्लिकेट म्हणतात ती. कामासाठी ती नको. दोघांना एकच रेझोल्यूशन घ्यावं लागतं, आणि जाळ्या वेगवेगळ्या असल्या की एकाच्या नशिबी ताण येतो. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर टीव्हीला लॅपटॉप जोडतात तेव्हा हेच होतं आणि सगळे जण टीव्हीला नावं ठेवतात. विंडोजची कळ आणि पी एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडलं की ज्याचं त्याचं माप ज्याला त्याला मिळतं.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा की झालं. त्यानं ब्राउझरमधलं पान मोठं होतं. वरचे मेनू, फाइलींची नावं, सूचनांच्या खिडक्या आहेत तशाच राहतात. म्हातारा माणूस अडतो तो बहुधा त्या सूचनांच्या खिडकीतच, कारण तिथे हो म्हणायचं की नाही ते वाचून ठरवायचं असतं. हल्ली ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइज' म्हणून एक वेगळी पट्टी आहे, ती 225 टक्क्यांपर्यंत जाते आणि फक्त अक्षर वाढवते. स्केलला जोड म्हणून ती चांगली आहे.

आता माझी खरी तक्रार, आणि ती सेटिंगबद्दल नाही. "आता दिसतंय का?" हा प्रश्न विचारणं बंद करा. वर्गात "समजलं का?" विचारलं की साठच्या साठ मुलं हो म्हणतात, हे कुठलाही शिक्षक पहिल्याच वर्षी शिकतो. समजलं की नाही हे एकाला उभं करून वाचायला लावलं की कळतं. घरातल्या म्हाताऱ्यांचंही तेच. मुलगा चार दिवसांसाठी आलेला असतो, त्यानं खर्च केलेला असतो, त्याची गाडीची वेळ झालेली असते. अशा वेळी कुठला बाप नाही म्हणेल? मी तरी म्हणालो नाही. तेव्हा त्यांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या अंतरावर, नेहमीचा चष्मा लावून बसवा आणि एक ओळ मोठ्यानं वाचायला सांगा. ओळ मी तयार करून ठेवली आहे, खुशाल वापरा:

धनाजीच्या घरी भटजींनी आचाऱ्यांना आणि आचार्यांना थंड ताक पाजलं, मग दर्याकाठच्या दऱ्या पायी पालथ्या घातल्या.

अडखळले, पुढे वाकले, किंवा मान वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून बघू लागले, तर स्केल एक पायरी वाढवा. आणि चष्मा बदलायला पाठवण्याआधी तीच ओळ लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर वाचून घ्या. एकीकडे स्वच्छ आणि दुसरीकडे धुरकट असेल तर आधी सेटिंग तपासा. दोन्हीकडे धुरकट असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा, माझ्यासारखे आठ महिने घालवू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि माझं सुदैव म्हणून ते माझ्या बाबतीत नव्हतं.

पुतण्यानं त्या दिवशी फोनवर तीन वेळा सॉरी म्हटलं. मी त्याला पी.टी.च्या सरांची आणि 800 गुणिले 600 ची आठवण करून दिली. त्याला ती घटना आठवतच नव्हती, उपाय तेवढा आठवत होता. मागच्या महिन्यात त्यानं सासऱ्यांचा मॉनिटर पाहिला, तोही 1280 वरच होता. तिथे तो कुणी केला होता हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिली वही पूर्ण झाली. चुका दुरुस्त केलेली पानं अक्काकडे गेली, तिनं ऐकली, आणि दोन ओव्यांचा क्रम बदलायला सांगितला. दुसरी वही आता निम्म्यावर आली आहे. परवापासून एका शब्दाशी अडलो आहे. मॉनिटरवर मोठा करून पाहिला, भिंगातून पाहिला, वही उन्हात धरून पाहिली. पहिलं अक्षर 'ख' आहे की 'रव' हे लागत नाही. अक्काचं अक्षरच तसं. दुपारी ती झोपून उठली की तिलाच फोन करतो.